दाराला लावलेली काठी

वहिनीने किनाऱ्यावर पडलेल्या दोराचं टोक उचललं आणि नाकाशी नेलं.

समोर जाळी वाळत घालायच्या खांबांची रांग होती. दोन होड्या उपड्या घातलेल्या होत्या आणि वाऱ्यापावसाने करडा पडलेला एक उंच लाकडी क्रूस उभा होता. आमच्याबरोबर ट्रकमधून आलेली पाच-सहा माणसं त्या क्रूसापाशी फोटो काढत होती. उजवीकडे, भूशिराच्या टोकाला, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं दीपगृह दिसत होतं. वहिनीने यातलं काहीच बघितलं नाही. ती दोर हुंगत उभी राहिली.

"माशांचा वास येतो म्हणून इथे लोक नाक धरतात," येगोर तिखोनोविच मला म्हणाला. "दोराचा वास घेणारी बाई मी पहिल्यांदा पाहतोय."

तो सत्तरीचा, बुटका, रुंद खांद्यांचा माणूस होता. श्वेत समुद्राच्या या काठावर त्याचे लोक, पोमोर, शेकडो वर्षं सॅल्मन पकडत आले. उन्हाळाभर किनाऱ्यावरच्या अशा वस्त्यांमध्ये राहायचं, मासे धरायचे, खारवायचे. बाकीच्या वस्त्या कुजून गेल्या. ही एक जपून ठेवली होती, आणि ती नुसती बघायची नव्हती. आलेल्यांनी जाळं ओढायचं, चुलीवरचं खायचं, हवं तर बाकावर झोपायचं. हे सगळं येगोर आणि त्याची बायको उस्तिन्या चालवत.

"काय म्हणतोय?" वहिनीने विचारलं.

मी सांगितलं.

"त्याला विचार, हा वास कसला?"

"पाइनच्या लाकडाचं डांबर," येगोर म्हणाला. "दोर खाऱ्या पाण्यात कुजू नये म्हणून लावतो. माझा आजा लावायचा तसंच, हंड्यात उकळून."

"आणि कपड्याला लागलं तर?"

मी विचारलं तसा तो हसला. "तिला म्हणावं, ते लांब कापड सांभाळ. जन्मात निघणार नाही."

वहिनीने साडीवर दोन स्वेटर आणि माझा जुना कोट घातला होता. खाली बूट. तिने पदर कोटात खोचला, "बरं," म्हणाली आणि दोर होता तसा त्याच वेटोळ्यावर ठेवून दिला. मला वाटलं, साडीसाठी विचारत असेल.

मुकुंददादाला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. तो लाकूड वाहून नेणाऱ्या एका परदेशी बोटीवर चीफ ऑफिसर होता. ऑक्टोबर संपत आला होता. वादळ आलं म्हणून बोट या किनाऱ्याच्या आडोशाला नांगर टाकून थांबली. संध्याकाळी डेकवरच्या ओंडक्यांची साखळी तुटली. ती आवळायला दादा पुढे गेला आणि ओंडक्यांबरोबर पाण्यात पडला. बोटीवरून प्रकाशझोत टाकून शोधलं, पण तो दिसला नाही. पुढे काही दिवसांनी या वस्तीच्या रखवालदाराला तो भरतीच्या रेषेवर सापडला. कागद आला त्यात लिहिलं होतं, थंड पाण्यामुळे मृत्यू. पेटी बंद आली होती. ती चिपळूणला उघडली नाही.

मी भौतिक रसायनशास्त्राची. पाच वर्षं लेनिनग्राडला शिकले होते, त्यामुळे तो रशियन कागद घरात वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. आईला मीच समजावलं. पाणी इतकं थंड असलं की हातपाय लगेच बधिर होतात, मग गुंगी येते, मग काही कळत नाही. अर्धा तास, फार तर पाऊण. मी सांगितलं ते खरं होतं. आई त्यानंतर आठ वर्षं जगली ती त्या वाक्याला धरून. कोणी भेटायला आलं की म्हणायची, "माझ्या मुकुंदाला त्रास नाही हो झाला. शरयूने सांगितलंय, ती शिकलेली आहे." हे वाक्य सुरू झालं की वहिनी चहा करायला आत जायची.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि त्याच रात्री भांडी पुसताना वहिनी म्हणाली, "मला ती जागा बघायची आहे. तू चल. तुला त्यांची भाषा येते."

तिची एकच अट होती. आपण कोण, ते तिथे सांगायचं नाही.

"का?" मी विचारलं होतं.

"सांगितलं की ते हळहळायला लागतील. मला हळहळ नको आहे. मला बघायचंय."

म्हणून आम्ही पर्यटक झालो.

जाळं ओढायला भरती ओसरायची वाट पाहायची होती. तोवर उस्तिन्याने सगळ्यांना आपल्या घरात बसवून माशाचं कालवण वाढलं. ती नवऱ्यापेक्षा उंच होती, आवाज मोठा, बोलताना पळी हातात.

"तुझी ही बाई खात का नाही? आजारी आहे का?" तिने मला विचारलं.

"प्रवासाने दमली आहे."

"नवरा आहे?"

"वारला."

"अरेरे." तिने वहिनीच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला. "माझा आहे, तरी मी दमलेलीच आहे. बघ तो कसा बसलाय. पाहुणे आले की तोंड शिवतो. बोलायचं सगळं मी. मीठ संपलं की मीच दीपगृहावर जायचं. तिथं एक कुटुंब असतं बाराही महिने. त्यांची बाई माझ्यासारखीच फसलेली, दोघी बसून रडतो आणि मीठ घेऊन परत येते."

बाकीचे हसले. येगोर पावाचा तुकडा कालवणात बुडवत होता.

त्याच्या डोक्यावरच्या फळीवर काड्यापेट्या रचलेल्या होत्या. दुकानात असतात तशा, थरावर थर. प्रत्येक पेटी मेणात बुडवून काढलेली होती.

"एवढ्या कशाला?" मी विचारलं.

"वेड," उस्तिन्या म्हणाली. "गावातल्या दुकानात काड्या आल्या की हा सगळ्या उचलतो. दुकानवाली विचारते, येगोर, लढाई लागणार आहे का रे? प्रत्येक झोपडीत तीन-तीन ठिकाणी ठेवतो. न्हाणीघरात ठेवतो. होडीत ठेवतो. मी सांगून ठेवलंय, मी मेले की माझ्या पेटीतही एक टाक. तिथं अंधार असेल."

"पुरे झालं," येगोर म्हणाला.

"काय पुरे? आणि हिवाळ्यात गावात येत नाही. पूर्वी पहिला बर्फ पडला की कुलूप लावून आम्ही गावात जायचो ते मेमध्ये परत. आता नऊ वर्षं झाली, हा कुत्र्यासारखा इथं बसून राहतो. मी तिकडे, हा इकडे. लोक म्हणतात, उस्तिन्या, तुला टाकलं की काय त्यानं."

येगोर उठला आणि टोपी घेऊन बाहेर गेला.

"काय म्हणाली ती?" वहिनीने विचारलं.

मी काड्यांचं सांगितलं. हिवाळ्याचंही सांगितलं. नऊ वर्षं म्हणताना मला स्वतःलाच तो आकडा ऐकू आला. ज्याला मृतदेह सापडतो त्या माणसावर परिणाम होतोच, असं मी मनात म्हटलं.

वहिनीने ताट दूर सारलं. "मला ती जुनी झोपडी बघायची आहे," ती म्हणाली. "हे सगळे जाळ्याकडे जातील तेव्हा."

ती झोपडी थोडी उंचावर होती. काळवंडलेल्या ओंडक्यांची, छपरावर गवत उगवलेली. दाराला कुलूप नव्हतं. एक जाड काठी तिरकी टेकवलेली होती. येगोरने ती उचलून भिंतीशी उभी केली, टोपी काढली आणि रोज सांगून पाठ झालेल्या आवाजात सुरुवात केली.

"काठी लावलेली म्हणजे धनी घरी नाही. पण दार उघडं आहे. समुद्रावरून येणारा कोणीही असो, आपला, परका, त्यानं आत यावं. चुलीत लाकडं मांडलेली असतात, खाली बर्चची साल, शेजारी काड्या. ओल्या माणसाच्या हातात लाकडं फोडायची ताकद नसते, म्हणून हे आधी करून ठेवायचं. जो जाईल त्यानं पुढच्यासाठी मांडून जायचं. आमच्याकडे कुलूप लावणं—"

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. मी अजून काही सांगितलंच नव्हतं. काठीकडे बघूनच ती म्हणाली.

"तुला कसं माहीत?"

"ह्यांनी सांगितलं होतं. आधीच्या खेपेला बोटीवर बंदरातली वाट दाखवायला इथला कोणी पायलट चढला होता, त्याच्याकडून ऐकलेलं. ह्यांना फार आवडलं होतं ते. म्हणाले, आपल्याकडे पाहुणा येणार म्हटलं की आपण कुलूप शोधतो."

दार इतकं ठेंगणं होतं की कमरेत वाकावं लागलं. आत एकच खोली. भिंतीला लागून बाक, एक लहान खिडकी, कोपऱ्यात देवाची तसबीर, टेबलावर लाकडी वाडगे आणि एक काळा पाव. डावीकडे मोठी दगडविटांची चूल. चुलीच्या तोंडात लाकडं मांडलेली होती, त्यांच्याखाली सालीचे पापुद्रे. तीन काड्यापेट्या होत्या, तिन्ही मेणातल्या. एक चुलीवर, एक खिडकीत आणि एक दाराच्या चौकटीत, अंधारात हात गेला तरी लागेल अशी.

मी चूल न्याहाळत होते. ज्या गोष्टीची रचना दिसते ती मी बघत राहते, ती माझी सवय आहे. धूर वर जायच्या जागेभोवती, विटांच्या कडांवर, जुन्या पांढऱ्या मातीचा लेप होता. मध्ये काहीतरी घट्ट बसवलेलं होतं आणि नंतर छिन्नीने फोडून काढलं होतं, हे उघड दिसत होतं.

"हे बुजवलेलं होतं का?" मी येगोरला विचारलं.

तो वहिनीकडे बघत होता.

चुलीच्या वर, दोन खुंट्यांमध्ये, एक दोर ताणून बांधला होता. काळपट, डांबर लावलेला. वहिनी त्याच्याखाली उभी होती. तिने पिशवी उघडली, सुती पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि उलगडलं. निळसर रेघांचा शर्ट होता. मी तो ओळखला. तो गेला त्याच्या दोन दिवाळ्या आधी आईने दादाला घेतला होता. तो परत आलाय हेही मला ठाऊक नव्हतं.

शर्टाच्या आतल्या बाजूला, बरोबर मध्यावर, एक तपकिरी रेघ होती. या बाहीच्या खालून त्या बाहीच्या खालपर्यंत सरळ.

वहिनीने शर्ट एकदा झटकला, दोन्ही खांदे जुळवले आणि दोरावर टाकला. रेघ दोरावर बसली. तिने खालची टोकं ओढून सारखी केली, आपण गच्चीत करतो तशी.

येगोर बाकावर बसला. खाली किनाऱ्यावर माणसं जाळं ओढताना एका तालात ओरडत होती.

"तो शर्ट मी पेटीबरोबर जाणाऱ्या त्याच्या कपड्यांच्या पिशवीत घातला होता," तो शेवटी म्हणाला. "घडी मी घातली होती. तुम्ही त्याच्या कोण?"

"मी बहीण. ही बायको."

वहिनी त्याच्याकडे न बघता मला म्हणाली, "त्याला सांग, बुडालेला माणूस शर्ट पिळून वाळत घालत नाही."

मी सांगितलं.

"नाही घालत," येगोर म्हणाला. "तो बुडाला नव्हता. तो इथं होता. तुम्ही उभ्या आहात ना, तिथल्या बाकावर. रात्रभर जिवंत असावा. रात्र मोठी होती तेव्हा."

मी नऊ वर्षांपूर्वी आईला दिलेला अर्धा तास आठवत होते.

"काय म्हणाला?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, आपण बाहेर जाऊ. मी सगळं नंतर सांगते."

"शरयू." तिचा आवाज चढला नाही. "आठ वर्षं मी चहा करत होते. आता तू बोल. तो जेवढं बोलेल तेवढं. कमी नको आणि जास्तही नको."

म्हणून मी बोलले. तो एक वाक्य बोलायचा, मी एक वाक्य सांगायची. तो मध्ये थांबला की मीही थांबायची.

पहिला बर्फ पडला तसे ते दोघं गावात गेले होते. आपल्या राहत्या घराला कुलूप लावून. कारण पर्यटकांनी मागच्या वर्षी भांडी उचलून नेली होती. एक जाळं राहिलं होतं ते न्यायला तो काही दिवसांनी एकटा बर्फावरची घसरगाडी घेऊन परतला. राहत्या घराच्या कुलपावर दगडाचे ठोके दिसले. या झोपडीची काठी भिंतीशी नीट उभी केलेली होती. दार आतून ओढून घेतलेलं होतं.

"दोरावर कपडे होते. डगला, स्वेटर, शर्ट, विजार, मोजे. प्रत्येक वेगळा. गोठून फळीसारखे झालेले. तो बाकावर होता. अंगावर जुनं शीड ओढून घेतलं होतं. दाखवायला टांगलेलं होतं ते इथं."

"आणि चूल?" हा प्रश्न माझा होता.

"चुलीत लाकडं होती तशीच होती."

"का?"

त्याने चुलीवरची काड्यापेटी घेतली आणि मुठीत धरली.

"ती चूल दाखवायची होती," तो म्हणाला. "त्या उन्हाळ्यात सहलीच्या पोरांनी बाहेरचं गवत पेटवलं. तपासणीवाले आले. म्हणाले, लोक येतात त्या झोपडीत आग लागता कामा नये, एक तर चूल बंद करा नाही तर झोपडी. मी वरून विटा घालून बुजवली. लाकडं मांडलेलीच ठेवली, कारण तीच तर दाखवायची. काड्या काढून घेतल्या. पण मग मी रिकामी पेटी उघडून दाखवायचो आणि लोक हसायचे. म्हणून पेटी भरली."

"कशाने?"

"काड्यांनीच. टोकं कापून. जे पेटतं तेवढं चाकूनं कापून टाकलं. इथं बसून कापली, एक संध्याकाळ लागली. पेटी अर्धी उघडून धरली की छान भरलेली दिसायची. पावसुद्धा प्लास्टरचा होता."

हे मी वहिनीला सांगितलं. ती दोराकडे तोंड करून उभी होती. "पुढे," ती म्हणाली.

"काड्या जमिनीवर होत्या. सगळ्या. टाकलेल्या नव्हत्या. चुलीच्या कडेला ओळीत लावलेल्या, एकीशेजारी एक. पेटीची बाजू घासून घासून पांढरी झाली होती." येगोरने मूठ उघडली आणि पुन्हा मिटली. "अंधार असणार. टोक नाही हे त्याला दिसलं नसणार. आणि अशा थंडीत बोटांना कळत नाही. ओली झाली असेल असं वाटलं असेल त्याला. ही ओली, मग दुसरी बघू."

मी सांगत गेले. मला प्रत्येक शब्दाला मराठी शब्द सापडत होता, याचं मला नंतर आश्चर्य वाटलं.

"ओळीत?" वहिनीने विचारलं.

"हो, म्हणतोय ओळीत."

"हं. वापरलेली काडी इकडेतिकडे टाकलेली ह्यांना चालायची नाही. आणि आधी कपडे. पावसातून आले की आधी भिजलेलं सगळं काढून, पिळून वाळत घालायचे, मग बाकीचं. मी म्हणायची, आधी चहा तरी घ्या. नाही. ओलं अंगावर ठेवून माणूस बसतो कसा, म्हणायचे."

मग तिने वर दोराकडे पाहिलं. मलाही तेव्हाच उमगलं. चूल मांडलेली होती, काड्या शेजारी होत्या, म्हणून तो निश्चिंत झाला होता. ओले का होईना, अंगावर लोकरीचे कपडे होते. ते त्याने पेटी उघडण्याच्या आधी काढले.

"तुम्ही त्याला किनाऱ्यावर का नेलंत?" मी येगोरला विचारलं.

"संग्रहालय बंद झालं असतं. मला आत टाकलं असतं." त्याने डोकं हलवलं. "हे सगळं मागाहून सुचलं. तेव्हा एवढंच वाटलं, की कोणी त्याला इथं पाहू नये. पोमोरच्या घरात, दार उघडं, चुलीत लाकडं मांडलेली, आणि माणूस गारठून मेला. असं आमच्यात कधी कोणी ऐकलेलं नाही. मी त्याला वरची विजार आणि डगला घातला. शर्ट घालता येईना, अंग ताठलं होतं. घसरगाडीवरून पाण्यापाशी नेला. काड्या उचलल्या. मग गावात जाऊन सांगितलं."

दारात सावली पडली. उस्तिन्या हातात ताटली घेऊन वाकून उभी होती. आमच्यासाठी मासा भरलेला पाव आणला होता तिने. ती कधीपासून उभी होती ते मला ठाऊक नाही.

"तू मला सांगितलंस, तो पाण्यापाशी होता," ती म्हणाली.

"हो."

"मी त्याच्यासाठी मेणबत्ती लावली होती. पाण्यापाशी जाऊन लावली होती."

"हो, उस्तिन्या."

तिने ताटली बाकावर ठेवली, नवऱ्याकडे न बघता वळली आणि निघून गेली. तिची पावलं गवतातून ऐकू येत राहिली.

"त्याला सांग," वहिनी म्हणाली, "ही चूल पेटव म्हणावं. नको, थांब. मी पेटवते. काड्या मागून घे."

येगोरने मूठ उघडली. पेटीवरचं मेण त्याने नखाने काढलं आणि पेटी वहिनीच्या हातात दिली. ती चुलीपुढे उकिडवी बसली. पेटी उघडून तिने काड्यांची टोकं पाहिली, बोट फिरवून पाहिलं. मग एक काडी ओढली. सालीच्या पापुद्र्याला ज्योत लागली, साल आखडली, तडतडली आणि जाळ लाकडांवर चढला. धूर सरळ वर गेला. खोलीत थोडासुद्धा उतरला नाही.

वहिनी हातातली काडी विझेपर्यंत धरून बसली. मग तिने ती चुलीच्या कडेला, सरळ, ठेवली.

"एका काडीत पेटली," ती म्हणाली.

"काय म्हणाली?" येगोरने विचारलं.

मी त्याला सांगितलं.

त्याची टोपी जमिनीवर पडली होती, ती त्याने उचलली नाही.

लाकडं जळून निखारे होईपर्यंत आम्ही तिघं तिथेच होतो. खोली तापली. मी कोट काढला. खिडकीबाहेर उजेड तसाच होता. तिथे त्या दिवसांत अंधार पडत नाही. वहिनी उठली आणि तिने दोरावरच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून चिमटली. मग बाहीचं टोक चिमटलं.

"वाळला," ती स्वतःशीच म्हणाली. तिने शर्ट काढला, घडी घातली, पंच्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

येगोर उठून उभा राहिला. "तिला विचारा," तो म्हणाला, "मी काय करू? ती म्हणेल तसं. गावात जाऊन सगळ्यांपुढे सांगू का? ती म्हणेल तसं करीन."

मी विचारलं.

"मला त्याच्याशी काही बोलायचं नाही," वहिनी म्हणाली.

तेही मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली. मग गुडघ्यांवर बसून त्याने निखारे बाहेर ओढून विझवले, राख काढली आणि कोपऱ्यातली लाकडं आणून पुन्हा मांडायला लागला. आधी साल, मग बारीक ढलप्या, मग मोठी लाकडं, एकमेकांपासून थोडी सुटी. वहिनी उभी राहून बघत होती. त्याने शेवटचं लाकूड ठेवलं तेव्हा तिने पेटी परत चुलीवर, होती तिथे, ठेवली.

आम्ही बाहेर आलो. खालून ट्रकचा हॉर्न वाजत होता, बाकीचे चढून बसले होते. येगोर दार ओढून काठी घ्यायला वाकला, पण वहिनीने ती आधीच उचलली होती. तिने ती दाराला टेकवली, घसरत नाही ना ते पाहिलं आणि मागे वळली.

वळली तशी ती थांबली. भूशिराच्या टोकाला, पांढुरक्या उजेडात, दीपगृहाचा दिवा लागलेला होता. एकदा उजळायचा, मग थोडा वेळ काही नाही, मग पुन्हा.

"हे तेव्हाही होतं का?" तिने विचारलं.

मी येगोरला विचारलं. "युद्धाच्या आधीपासून आहे, राहत्या माणसांसकट," तो म्हणाला. "बर्फ असला तरी वाट किनाऱ्यानंच आहे, चुकत नाही."

"चालत किती लांब?"

हेही मी त्याला विचारलं, आणि त्याने काय उत्तर दिलं ते मला नीट ऐकू आलं. वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला रशियन येत नव्हतं. मी तीन तास म्हटलं असतं तरी तिला कळणार नव्हतं. पाच म्हटलं असतं तरीही.

"तासभर," मी म्हटलं, तो म्हणाला होता तेवढंच.

"हं," वहिनी म्हणाली. तिने पिशवी खांद्यावर घेतली, पदर कोटात नीट खोचला आणि उतारावरून ट्रककडे चालू लागली.